आफ्रिकेला निघालात? मलेरियाची तयारी तिकीट काढलं त्या दिवसापासून करा

टांझानियातल्या दार-ए-सलामला आम्ही सहा वर्षं होतो, मिस्टरांची नोकरी तिथं होती, आता परत नाशिकला आलोय. पण तिकडं कुणीही निघालं की ओळखीतनं ओळख काढून मला फोन येतोच. कुणाला टांझानियात नोकरी लागलेली असते, कुणी सेरेंगेटीची सफारी बुक केलेली असते, कुणाची मुलगी कंपालाला दिलेली असते. सगळ्यांचा पहिला प्रश्न तूरडाळ मिळते का, गव्हाचं पीठ मिळतं का, आणि ते सगळं मिळतं, त्याची काळजीच नको. पण मी मलेरियाचं काढलं की पलीकडनं ठरलेलं उत्तर येतं, "अहो वहिनी, मलेरिया तर आपल्याकडंही असतो की, मला लहानपणी दोनदा झालाय."

इथंच गाडी चुकते, म्हणून आधी हेच सांगते.

मुंबई-नाशकात पावसाळ्यात जो मलेरिया होतो तो बहुतेक वेळा व्हायवॅक्स जातीचा असतो. थंडी वाजते, ताप चढतो, माणूस पिळून निघतो, पण वेळेत गोळ्या घेतल्या की बरा होतो. आफ्रिकेत सहाराच्या खाली जो असतो तो मुख्यतः फाल्सिपेरम. तो आपल्याकडं गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात भरपूर आहे, तिथल्या लोकांना विचारा काय असतं ते. उपचार मिळाला नाही तर तापाच्या पहिल्या दिवसापासून चोवीस तासातसुद्धा तो मेंदूपर्यंत, किडनीपर्यंत जाऊ शकतो. २०२३ साली जगात मलेरियाच्या अंदाजे २६ कोटी ३० लाख केसेस झाल्या आणि जवळपास ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यातली शंभरात पंचाण्णव आफ्रिकेतली, आणि त्यातही बहुतेक पाच वर्षांखालची मुलं.

आता तिथं गेल्यावर तुमच्या ऑफिसातला तिथलाच माणूस म्हणेल, मलेरिया म्हणजे सर्दीसारखा, मी दोन दिवस औषध घेतो आणि कामावर येतो. तो खोटं बोलत नाही. लहानपणापासून शंभर वेळा चावून चावून त्याच्या अंगात थोडी ताकद आलेली असते, तुमच्या-माझ्या अंगात ती नाही. लहानपणी नाशकात झालेला व्हायवॅक्स इथं काहीही कामाचा नाही. आणि ही ताकद टिकतही नाही, तिथलीच माणसं काही वर्षं लंडनला राहून परत गावी आली की तीच आजारी पडतात. त्यामुळं तिथल्या माणसाचं बघून किंवा वीस वर्षं तिथं राहिलेल्या आपल्या काकांचं बघून आपण वागायचं नाही.

कुठं जाताय ते आधी नीट बघा. मॉरिशस, सेशेल्सला मलेरिया नाही. मालदीव २०१५ ला आणि श्रीलंका २०१६ ला मलेरियामुक्त जाहीर झाले, इजिप्त २०२४ ला झाला. दुबई, सिंगापूर, बँकॉक, बाली यासाठी मलेरियाच्या गोळ्या लागत नाहीत, तिथं डेंग्यूची काळजी घ्या. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन, जोहान्सबर्गला नाही, पण क्रूगर पार्कच्या बाजूला आहे. केनियात नैरोबी शहर उंचावर असल्यानं तिथं धोका कमी आहे, पण नैरोबीला कुणी नुसतं नैरोबी बघायला जात नाही, पुढं मसाई मारा असतं, मोंबासा असतं, व्हिक्टोरिया तलावाकाठचं किसुमू असतं, तिथं सगळीकडं आहे. किलिमांजारो चढायला जाणारी मुलं म्हणतात आम्ही तर डोंगरावर असणार, डास कुठले, आणि डोंगरावर खरंच नसतात, पण चढायच्या आधी आणि उतरल्यावर मुक्काम मोशी नाहीतर अरुशात असतो आणि चावायला एक रात्र पुरते. युगांडा, मोझांबिक, नायजेरिया, घाना, काँगो इथं प्रश्नच नाही, पूर्ण तयारीनं जायचं. अदिस अबाबाला नुसतं विमान बदलणार असाल तर घाबरू नका, ते शहर एवढं उंच आहे की तिथं मलेरिया नाही.

पाऊस कधी असतो तेही विचारून ठेवा. टांझानियात मार्च ते मे मोठा पाऊस, त्याला ते मासिका म्हणतात, आणि वर्षाअखेरीस छोटा पाऊस, त्याला वुली. पावसात आणि त्याच्या नंतरच्या आठवड्यांत डास जास्त.

निघायच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरकडं जा. आपले नेहमीचे फॅमिली डॉक्टर चांगलेच असतात, पण प्रवासाच्या गोळ्यांचं काम त्यांच्याकडं रोज येत नाही, तेव्हा ट्रॅव्हल क्लिनिक किंवा मोठ्या हॉस्पिटलातले संसर्गजन्य आजारांचे डॉक्टर गाठलेत तर उत्तम. जाताना कुठलं गाव, किती दिवस, आधीचे आजार, चालू गोळ्या सगळं कागदावर लिहून न्या.

आणि एक फार मोठा गोंधळ आहे तो इथं सोडवते. यलो फीव्हरची लस घेतली, पिवळं कार्ड मिळालं, म्हणजे मलेरियाचं काम झालं असं निम्म्या लोकांना वाटतं. मला एका शिकलेल्या माणसानं हे कार्ड दाखवून सांगितलंय की माझं मलेरियाचं झालंय. यलो फीव्हर वेगळा आजार, वेगळा डास, वेगळी लस. ज्या देशांसाठी ती लागते तिथं जात असाल तर ती लस घ्यायचीच आहे, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची, एकदा घेतली की आयुष्यभर चालते, आणि कार्ड नसेल तर तिकडनं परत येताना भारतात विमानतळावर अडवून वेगळं ठेवू शकतात. पण मलेरियापासून ती अजिबात वाचवत नाही. दुसरा प्रश्न पुण्याची मंडळी हमखास विचारतात, सीरमनं मलेरियाची लस काढलीये ना, ती घेऊ का? आर ट्वेंटीवन नावाची ती लस पुण्यातच बनते, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या ऑक्टोबरात तिची शिफारस केली, आणि मला त्याचा खरंच अभिमान वाटतो, पण ती आफ्रिकेत राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहे. प्रवाशांसाठी नाही. तुमच्यासाठी गोळ्याच.

गोळ्या मुख्यतः तीन. कुठली घ्यायची ते डॉक्टर ठरवतील, पण तुम्हाला माहिती असली तर बोलणं सोपं जातं.

अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. ही रोज एक, निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू, तिथं आहात तोवर रोज, आणि परत आल्यावर ७ दिवस. त्रास कमी होतो, म्हणून आठ-दहा दिवसांच्या सफारीला ही बरी. महाग आहे आणि प्रत्येक मेडिकलमध्ये नसते, आदल्या दिवशी शोधायला गेलात तर मिळणार नाही, आधीच सांगून मागवून घ्या. जेवणानंतर किंवा दुधाबरोबर घ्यायची, रिकाम्या पोटी घेतली तर अंगात नीट उतरत नाही.

डॉक्सिसायक्लिन. स्वस्त, सगळीकडं मिळते, हीसुद्धा रोज एक आणि एक-दोन दिवस आधी सुरू, पण परत आल्यावर पूर्ण ४ आठवडे. ही घेताना ग्लासभर पाणी प्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून जळजळ होते आणि ती साधी जळजळ नसते, गिळताना डोळ्यात पाणी येतं. रात्री झोपताना घोटभर पाण्यावर गिळून पडणाऱ्यांना हे हमखास होतं, म्हणून सकाळच्या नाष्ट्यानंतर घ्या. उन्हात कातडी पटकन भाजते, तेव्हा सनस्क्रीन आणि टोपी हवीच. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका. गरोदर बायकांना आणि ८ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत.

तिसरी मेफ्लोक्विन. आठवड्याला एकच, पण दोन-तीन आठवडे आधी सुरू करायची आणि आल्यावर ४ आठवडे. काहींना विचित्र स्वप्नं पडतात, झोप उडते, मन अस्वस्थ होतं. ज्यांना डिप्रेशन, पॅनिक किंवा फिट्सचा त्रास आहे किंवा होता त्यांनी ही घ्यायची नाही, आणि डॉक्टरपासून हे लपवायचं तर अजिबातच नाही, सासूबाई बरोबर आहेत म्हणून संकोच करू नका, एकटं जाऊन सांगा.

जुनी क्लोरोक्विन आफ्रिकेत चालत नाही, तिथला फाल्सिपेरम तिला दाद देत नाही, कुणी घरातली उरलेली पट्टी दिली तर घेऊ नका. होमिओपॅथीच्या साबुदाण्याच्या गोळ्या, गुळवेल, कडुलिंबाचा रस, लसूण, पपईची पानं, यातलं काहीही मलेरिया अडवत नाही. मी स्वतः सर्दी-खोकल्याला काढा करणारी बाई आहे, माझा कशावर राग नाही, पण इथं जीव जातो म्हणून स्पष्ट लिहिते.

गोळ्या इथूनच पूर्ण कोर्सच्या घेऊन जा, बिल आणि प्रिस्क्रिप्शन बरोबर ठेवा. तिकडं बाजारात नकली गोळ्या येतात, वरनं ओळखू येत नाहीत. आणि हँडबॅगेत ठेवा, चेक-इनची बॅग चुकली की गोळ्या पण गेल्या.

दोन-तीन वर्षांसाठी राहायला जाणाऱ्यांचा प्रश्न असतो, एवढी वर्षं रोज गोळी कशी घेणार? हे डॉक्टरशी बसून ठरवायचं, एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू नाही. पण निदान पहिले काही महिने आणि पावसाळा तरी गोळीशिवाय काढू नका, आणि गोळी असो नसो, मच्छरदाणी सोडायचीच नाही.

गोळी घेऊनसुद्धा डास चावू द्यायचा नाही हे लक्षात ठेवा, कारण कुठलीच गोळी शंभर टक्के नाही. मलेरियाचा डास अॅनोफिलीस, १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसनं त्याच्याच पोटात मलेरियाचे जंतू पाहिले. तो अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत चावतो, आफ्रिकेतले मुख्य डास तर मध्यरात्रीनंतर, आपण गाढ झोपलेलो असताना. म्हणून अर्धी लढाई पलंगावरच आहे.

मच्छरदाणी इथूनच न्या, औषध लावलेली, डबलबेडची मोठी. सुटकेसमध्ये एका साडीएवढी जागा घेते. हॉटेलात असतेच पण तिला भोक असतं, किंवा ती एवढी तोकडी असते की गादीखाली खोचताच येत नाही. माझी पद्धत सांगते. दिवस मावळायच्या आत मच्छरदाणी खाली सोडून चारही बाजूंनी गादीखाली खोचायची, झोपताना एका कोपऱ्यातनं पटकन आत शिरायचं, तो कोपरा परत खोचायचा, मग मोबाइलचा टॉर्च लावून आतले चारही कोपरे बघायचे, एखादा आत अडकलेला असतोच, तो मारल्याशिवाय झोपायचं नाही. आणि हात, गुडघे जाळीला टेकू द्यायचे नाहीत, जाळीला टेकलेल्या कोपराला डास बाहेरनंच चावतो, माझ्या मुलाच्या कोपरावर सकाळी ओळीनं सहा पुरळ होते तेव्हा मला हे कळलं. मग मी दाणी बदलून मोठी आणली. औषधाची दाणी वारंवार धुवायची नाही, धुतली तर सावलीत वाळवायची, नीट वापरली तर तीनेक वर्षं जाते. स्वाहिलीत मच्छरदाणीला चांदारुआ म्हणतात, हॉटेलात पोहोचल्या पोहोचल्या हा शब्द वापरा, काउंटरवरची माणसं लगेच हलतात.

लिक्विडच्या मशीनचं एक बारीक पण महत्त्वाचं. टांझानिया, केनिया, युगांडा, नायजेरिया इथं भिंतीतले सॉकेट तीन चपट्या पिनांचे, इंग्रजी पद्धतीचे असतात, आपलं गोल पिनांचं मशीन बसत नाही. रात्री अकराला खोलीत पोहोचून हे कळलं की काही करता येत नाही, तेव्हा अॅडॉप्टर आधीच घ्या. आणि लाइट जाते तेव्हा मशीनही बंद, म्हणून मशीनवर भिस्त नको. आवाजानं डास पळवणारी छोटी यंत्रं येतात त्याचा काहीच उपयोग नाही, पैसे वाया.

संध्याकाळी सहाच्या आधी पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, मोजे. घोट्यावर डास फार चावतात, चपला घालून अंगणात गप्पा मारत बसू नका. उघड्या अंगावर डीट किंवा पिकारिडीन या डास पळवणाऱ्या रसायनांचं क्रीम, डीट २० ते ५० टक्क्यांमधलं. आपल्या ओडोमॉसमध्ये डीट नसतं, दुसरं रसायन असतं, तेही चालतं पण वेळेवर परत लावायला लागतं, घाम आला की लवकर. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की मग डासाचं क्रीम, उलट नको. डीटनं प्लास्टिक खराब होतं, घड्याळाचा पट्टा आणि चष्मा सांभाळा. लहान मुलांच्या हाताला लावू नका, ती बोटं तोंडात घालतात, आणि दोन महिन्यांखालच्या बाळाला काहीच लावायचं नाही, बाबागाडीवर जाळी टाकायची. खरं म्हणजे तान्हं बाळ असेल किंवा तुम्ही गरोदर असाल तर जाणं पुढं ढकला, गरोदरपणी हा मलेरिया आई आणि बाळ दोघांच्या जिवावर येतो. सेरेंगेटीला जाणाऱ्यांनी गडद निळे आणि काळे कपडे टाळा, त्याचा मलेरियाशी संबंध नाही, पण त्सेत्से माशी त्या रंगांवर येते आणि तिचा चावा फार दुखतो.

तिथं राहायलाच गेला असाल तर घरातलं पाणी बघा. आपल्या मुंबईच्या टाक्यांत वाढणारा अॅनोफिलीस स्टिफेन्साय आता आफ्रिकेत पोहोचलाय, २०१२ ला जिबूतीत सापडला, मग इथिओपियात. तो गावाबाहेरच्या डबक्यात नाही तर शहरातल्या टाकीत, पिंपात वाढतो. टाकीवर घट्ट झाकण, आठवड्यातनं एकदा पिंप कोरडं.

तिथं असताना ताप आला, अंग मोडून आलं, डोकं ठणकलं, उलटी-जुलाब झाले, तर प्रवासाचा शीण असेल म्हणून बसायचं नाही. मला एकदा झाला तेव्हा ताप फक्त शंभर होता, थंडी वाजली नव्हती, नुसतं पाठीत भरून आलं होतं आणि मला वाटलं पोळ्या लाटून पाठ धरली. कामाला येणारी मामा म्हणाली, मामा म्हणजे तिकडं आपल्या मावशींसारखं, चल आत्ताच्या आत्ता, आणि मला गल्लीतल्या दवाखान्यात घेऊन गेली. बोट टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीवर टाकतात, वर औषधाचे थेंब, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर नाही, दोन आल्या तर आहे. दुसरी रेघ हळूहळू उमटताना बघितलीये मी, आधी इतकी फिकट की भास वाटावा. औषध तीन दिवसांचं, त्याला तिकडं दावा म्सेतो म्हणतात, जेवून किंवा दूध पिऊन घ्यायचं, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करायचा. ताप उतरवायला पॅरासिटामॉल, दुसरं काही नको. टेस्ट निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर बारा ते चोवीस तासांनी परत करायची, एका टेस्टवर विसंबायचं नाही.

दूर जंगलात, जिथं चोवीस तासात डॉक्टर मिळणार नाही अशा ठिकाणी जाणार असाल तर उपचाराचा एक कोर्स बरोबर ठेवण्याबद्दल डॉक्टरला इथंच विचारा, तो रोजच्या गोळीपेक्षा वेगळ्या औषधाचा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, परत आल्यानंतरचं. विमान मुंबईत टेकलं की लोक गोळ्या टाकून देतात. का चालू ठेवायच्या तर डास शेवटच्या रात्री चावला असेल तर जंतू आधी लिव्हरमध्ये जाऊन आठवडाभर किंवा जास्त दिवस वाढतात, तेव्हा काहीच लक्षण नसतं, मग रक्तात उतरतात. डॉक्सी आणि मेफ्लोक्विन त्यांना रक्तात गाठतात, म्हणून चार आठवडे पहारा ठेवायचा. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल लिव्हरमध्येही काम करते म्हणून तिला सात दिवस पुरतात.

आमच्या वरच्या मजल्यावर सांगलीकडचा एक मुलगा राहायचा, सत्तावीस वर्षांचा, बहिणीच्या लग्नाला गावी आला. तिथं गोळी नेमानं घ्यायचा, इथं आल्यावर म्हणाला आता घरी आलो, आणि बंद केली. बाराव्या दिवशी ताप. लग्नघर, पाहुणे, जागरण, सगळ्यांना वाटलं दगदग झाली. डॉक्टरकडं नेलं, पावसाळा होता, व्हायरल म्हणून औषध दिलं, दुसऱ्या दिवशी डेंग्यूची टेस्ट केली, प्लेटलेट्स कमी होत्या म्हणून सगळ्यांनी तेच धरलं. मलेरियातसुद्धा प्लेटलेट्स कमी होतात. मी आफ्रिकेतनं आलोय हे त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. चौथ्या दिवशी डोळे पिवळे, लघवी चहासारखी, आणि आईला ओळखेना. मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूत आर्टेसुनेटची इंजेक्शनं, मग डायलिसिस. वाचला, देवाची कृपा आणि त्या डॉक्टरांची. पण हे सगळं उरलेल्या गोळ्यांनी टळलं असतं, किंवा पहिल्या दिवशी एका वाक्यानं.

ते वाक्य म्हणजे "मी अमुक तारखेला टांझानियाहून आलोय, मलेरियाची टेस्ट करा." दवाखान्यात शिरताच, नाव सांगायच्या आधी. परत आल्यापासून तीन महिन्यांत कुठलाही ताप आला तर त्याच दिवशी टेस्ट, गोळ्या पूर्ण घेतल्या असल्या तरी. त्यानंतरही वर्षभर हे सांगत राहा, कारण व्हायवॅक्स आणि ओव्हेल जातीचे जंतू लिव्हरमध्ये झोपून राहतात आणि महिन्यांनी उठतात, त्यासाठी वेगळं औषध असतं आणि ते देण्याआधी जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची तपासणी करतात.

माणूस तापात बोलण्याच्या स्थितीत नसतो, म्हणून घरच्यांना माहिती पाहिजे. आमच्याकडं मिस्टर अजून कामासाठी तिकडं जातात. ते आले की मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोन तारखांना लाल पेनानं गोल करते, एक शेवटच्या गोळीची आणि एक तीन महिने पूर्ण होतात ती, आणि फ्रिजवर चिठ्ठी लावते, देशाचं नाव, आल्याची तारीख, गोळीचं नाव, हॉस्पिटलचा नंबर. या वेळची चिठ्ठी दिवाळीनंतर निघेल.